जांबोटीमार्गे समुद्राकडे

प्रिय,

बेळगावहून सायकलनं चोर्ला घाट उतरून गोव्यापर्यंत जायचं आणि तिथं शिडाची होडी चालवायला शिकायचं, हा बेत चांगला आहे. नवी सायकल कोणती घेऊ, असं विचारलं आहेस. आधी आहे ती तपास. पुढची सगळ्यात लहान दातेरी चकती आणि मागची सगळ्यात मोठी, दोन्हींचे दात मोज. पुढचे दात मागच्यांपेक्षा जास्त भरले, तर परतताना सामानासकट चोर्ला घाट चढणं गुडघ्यांना झेपायचं नाही. पुढे ३४ आणि मागे ३४, किंवा तीन चकत्यांच्या जुन्या सायकलीला २८ आणि २८, एवढं असलं तर नवी घेऊ नकोस. थोडंसं कमी पडत असेल तर मागचा गिअरसेट बदलून भागतं. फक्त मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, तेवढी मोठी चकती झेलतो का, हे मिस्त्रीला आधी विचार.

पाऊस संपून रस्ता सुकला की निघ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी हा रस्ता सतत वरखाली करत जातो आणि खड्डे काही संपत नाहीत. पहाटे धुकं असतं, म्हणून मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेव. सामान पाठीवर नको, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत सारखं वाटून, सात-आठ किलोंच्या आत. कॅरिअरचे बोल्ट बहुधा ५ मिमीचे असतात, त्यांना ४ मिमीची ॲलन की लागते. खड्ड्यांत ते हमखास ढिले होतात. जांबोटीला चहाला थांबशील तेव्हा आवळून घे.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट घेत. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात संपूर्ण घालायचं. अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतलं तर फायद्याऐवजी त्रास. खायला केळी, चिक्की. कुंदा कितीही प्रिय असला तरी चढावर पोटात जड होतो, तो परत आल्यावर.

आता घाट. चोर्ल्यापासून घाटाच्या पायथ्याच्या केरीपर्यंतचा उतार बघून सगळ्यांना आनंद होतो, आणि अपघात तिथंच होतात. ब्रेक हलका दाबून धरून सगळा घाट उतरायची सवय वाईट. रिमब्रेक, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडीला घासणारा ब्रेक, असेल तर ती कडी, म्हणजे रिम, तापते, ट्यूबमधली हवा फुगते, जुन्या पंक्चरचा पॅच सुटतो, कधी टायरच फुटतो. डिस्कब्रेक असले तरी पॅड तापून चकाकतात आणि मग पकडत नाहीत. वळणाआधी, सरळ रस्त्यावरच, दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग उतरव, मग सोडून दे आणि वळण घे. जास्त काम पुढचा ब्रेक करतो, म्हणून दाबताना अंग मागे सरकव. निघण्याआधी रिमब्रेकच्या पॅडवरच्या खाचा बघ; त्या पुसट झाल्या असतील तर पॅड बदल.

पंक्चर झालं तर नुसतं चिकटवून निघू नकोस, कारण शोध. शेजारी शेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमटेप, म्हणजे रिमच्या आतली भोकं झाकणारी पट्टी, सरकली आहे. एकच भोक बाहेरच्या बाजूला असेल तर टायर आतून बोटानं चाचप, काटा किंवा तार अजून तिथंच असते. सोल्युशन लावल्यावर ते ओलं दिसेनासं होईपर्यंत थांब, मगच पॅच दाब. इथं घाई केलेले पॅच घाटात सुटतात. दोन ट्यूब, चेन जोडायची लिंक आणि चेनतोड असलेलं टूल जवळ असू दे.

कणकुंबीला मलप्रभा उगम पावून पूर्वेला जाते, आणि तिथलाच कळसा नाला पश्चिमेला म्हादईला मिळतो. खानापूर तालुक्यातल्या याच म्हादईचं नाव नौदलाच्या शिडाच्या बोटीला आहे. ती गोव्यात बांधली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठंही न थांबता. गोव्यात पुढे म्हादईला मांडवी म्हणतात. तुझी पहिली होडी तिथं असेल तर ती लहान, एका शिडाची असू दे. मोठ्या बोटीवर नवशिका नुसता प्रवासी होतो.

होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जात नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश सोडून, नागमोडी जावं लागतं. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्यात अडकली की शीड फडफडतं, होडी थांबते आणि सुकाणू निकामी होतं, कारण त्याच्यावरून पाणी वाहत नाही. मग शीड हातानं वाऱ्याविरुद्ध बाहेर ढकल. होडी मागे सरकेल, त्या वेळी सुकाणू उलटं काम करतं. नाळ बाजूला वळली की शीड आत ओढ. शिडाची दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही. वाऱ्याचा झोत आला तर ती क्षणात सोडता आली पाहिजे.

उलटायला आधीच शिकून घे, शिक्षक शेजारी असताना. उलटली तर होडी सोडून पोहू नकोस. दोरी मोकळी कर, नाळ वाऱ्याकडे आण, होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभं राहून मागे झुक. नाळ न वळवता उभी केलीस तर शिडात वारा भरून दुसऱ्या बाजूला उलटते.

दुपारी खारे वारे समुद्राकडून आत येतात, ओहोटीचं पाणी बाहेर जातं. दोन्ही समोरासमोर आले की नदीच्या मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. ओहोटी साधारण सहा तासांची असते आणि मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यात वेगानं जातं. ते दोन तास मुखापासून लांब राहा. लाइफ जॅकेट काठावरच घालायचं, पाण्यात पडल्यावर नाही.

सायकल वाळूत नेऊ नकोस. खाऱ्या हवेत रात्रभर उभी राहिली तरी चेनवर गंज धरायला लागतो. संध्याकाळी गोड्या पाण्यानं धू, फडक्यानं कोरडी कर, प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोड आणि वरचं तेल पुसून टाक. पहाटे केरीहून चढायला तीच लागणार आहे.