किडनी प्रत्यारोपण झालेल्यांनी कोरोनाची लस घ्यावी का? दोन डोस पुरतात का?

हो, लस जरूर घ्यावी, पण फक्त दोन डोसांवर विसंबून राहू नये. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज ज्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात; त्यामुळे लसीलाही प्रतिसाद कमी मिळतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२१ मध्ये अवयव प्रत्यारोपण झालेले ६५८ जण तपासले. एमआरएनए प्रकारच्या लसीचे (फायझर, मॉडर्ना) दोन डोस होऊनही ५४ टक्क्यांमध्येच अँटीबॉडी सापडल्या, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी मायकोफेनोलेटसारखी औषधं घेणाऱ्यांत त्याहून कमी. म्हणूनच त्या ऑगस्टमध्ये तिथे अशा रुग्णांसाठी तिसऱ्या डोसला मंजुरी मिळाली. कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिनमध्ये शरीरात वाढू शकणारा विषाणू नसतो, तेव्हा लसीमुळेच कोरोना होईल ही भीती मनातून काढून टाका. डोस कधी घ्यायचा हे मात्र तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) विचारूनच ठरवा. प्रत्यारोपण नुकतंच झालं असेल तर सहसा एक ते तीन महिने थांबायला सांगतात. आणि कृपा करून, लस चांगली लागू पडावी म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका, त्याने किडनीच गमवायची वेळ येऊ शकते. घरातल्या बाकीच्यांनीही लस घेतलेली असावी.