दुसरा हप्ता अडकलाय? आधी बँक खातं बघा

ताई, निफाडच्या तुमच्या ट्रस्ट हॉस्पिटलला द्राक्षमजुरांच्या बुबुळाच्या जखमांवर संशोधनासाठी केंद्राचा पहिला हप्ता आला आणि दुसऱ्याचा वर्षभर पत्ता नाही, हे वाचून राहवलं नाही. सेम आमचं झालं होतं, दिंडोरी साइडला.

एथिक्स कमिटीची मंजुरी, सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी, एनजीओ दर्पण पोर्टलचा नंबर वगैरे तुमचं झालेलंच असणार, त्यात जात नाही. आमची चूक म्हणजे ग्रँट ट्रस्टच्या नेहमीच्या सेव्हिंग खात्यात घेतली. देणग्या, चष्म्यांचे पैसे, औषधांची बिलं सगळं त्यातच, त्यामुळे यूसी (पैसे कशावर खर्च झाले याचं प्रमाणपत्र) करताना ग्रँटवर व्याज किती हे सुटं काढताच येईना. आणि केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या (जीएफआर २०१७) नियम २३०(८) नुसार ते व्याज आपलं नसतंच, भारताच्या संचित निधीत भरावं लागतं. आम्ही यूसीच्या फॉर्म १२-ए वर व्याज शून्य लिहून मोकळे झालो.

मग ग्रँट देणाऱ्या ऑफिसने एका वेळी एकच शेरा मारत कागद परत पाठवले. व्याजाचं निस्तरलं तर सीएच्या सहीखाली तारीख नाही, तारीख टाकली तर शिक्का पुसट. अहो, सगळं एकदम सांगायला काय जात होतं? तोवर द्राक्षवेलींची ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे डोळ्याला काडी लागण्याचा हंगामच, निघून गेली, पगार नाही म्हणून फील्डवर्कर सोडून गेली. तिची वही आहे माझ्याकडे. "डावा डोळा, काडी लागली, तिसऱ्या दिवशी आली" आणि पुढे तीन महिन्यांनंतरच्या नजरेचा रकाना कोरा. त्या मजूर बाईच्या डोळ्यात फूल (बुबुळावरचा पांढरा डाग) पडलं का, आजही माहीत नाही. २०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण बुबुळावरचं फूलच निघालं होतं, म्हणून जास्त राग येतो.

आता तुम्ही रोजच्या शिल्लकीवरून सीएकडून व्याज काढून घ्या, भारतकोष या सरकारी पोर्टलवर भरा, पावती यूसीला जोडा आणि उरलेल्या पैशांसाठी आजच वेगळं खातं उघडा. मी डॉक्टर आहे, सीए नाही, तुमच्या मंजुरीपत्रातल्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या आधी वाचा. आणि काही झालं तरी फील्डवर्करचा सहा महिन्यांचा पगार ट्रस्टकडून बाजूला काढून ठेवायला लावा, माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं.

जाता जाता, काडी लागली की मजूर मेडिकलमधून स्टिरॉइडचे ड्रॉप घेऊन टाकतात, बुरशी असेल तर डोळा जातो. छाटणीच्या आधी मुकादमांना गाठून एवढं तरी सांगा, त्याला ग्रँट लागत नाही.