हॉर्नेटच्या हेड-अप डिस्प्लेवर इतके आकडे दिसतात, आधी कुठे बघायचं?

डीसीएस या संगणकावरच्या विमान-उड्डाणाच्या गेममधलं एफ/ए-१८सी हॉर्नेट हे लढाऊ विमान धरून सांगतो. पहिले काही दिवस रडार विसराच, हेड-अप डिस्प्ले, म्हणजे आकडे दिसतात ती समोरची काच, पुरे. डावीकडच्या चौकटीत वेग, उजवीकडे उंची, वर दिशा. पण खरा जीव आहे तो मधल्या, पंख फुटलेल्या छोट्या गोलात. नाक कुठेही असो, विमान प्रत्यक्ष जातंय ते तिकडे. गोल क्षितिजरेषेवर ठेवला की उंची टिकते. क्षितिजाखालच्या रेषा तुटक असतात, त्यामुळे खाली चाललोय हे आकडा न वाचताही कळतं. उतरताना चाकं काढली की इंग्रजी ई-सारखा कंस येतो. गोल त्याच्या मध्यावर आणा, म्हणजे अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन) ८.१ अंश. मी आधी नुसता वेगाचा आकडा बघत बसायचो आणि दरवेळी धावपट्टीवर आपटायचो! गोंधळ उडाला तर ॲक्टिव्ह पॉज लावा: विमान हवेत थांबतं, बटणं मात्र चालतात.