शेर, मापटे आणि गणिताची वही

प्रश्न : माझी मुलगी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत चौथीत शिकते. यंदा जूनपासून तिच्या वर्गात धान्य मापणे, पावसाचे पाणी मोजणे, गावातील कुंभाराकडे जाऊन चाकावरचे काम पाहणे असे बरेच काही चालले आहे. शेजाऱ्यांचा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो आणि वीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणतो. आमची मुलगी मागे पडते आहे का? तिची शाळा बदलावी का?
— एक पालक

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, परंतु शाळा बदलण्याचा निर्णय शेजारच्या मुलाचे पाढे ऐकून घेऊ नये. त्याआधी एक संध्याकाळ मुलीजवळ बसून तिने शाळेत काय केले, ते तिच्याच तोंडून ऐकावे आणि तिची वही पाहावी.

मी एका शाळेत पाहिलेला तास सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते लक्षात येईल. बाईंनी मुलांना आजीच्या काळातील मापे घरून आणायला सांगितली होती. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली, हे कोष्टक फळ्यावर लिहिले नव्हते. ते मुलांनीच भात ओतून शोधायचे होते. एका गटाची पायली सोळा चिपट्यांत भरली, तर दुसऱ्या गटाला अठरा चिपटी लागली. दोन्ही गट आपापल्या उत्तरावर ठाम होते. बाईंनी निकाल दिला नाही, फक्त पुन्हा एकदा सावकाश मापायला सांगितले. तेव्हा एका मुलीच्या लक्षात आले, की दुसऱ्या गटाने चिपटे हाताने सपाट करून घेतले होते आणि पायलीवर मात्र शीग, म्हणजे काठाच्या वर रास, लावली होती. चिपटे म्हणजे पाव शेर हे त्या दिवशी वर्गाला कळलेच, शिवाय मापताना दोन्हीकडे एकच रीत पाळली नाही तर उत्तर चुकते, हेही कळले. अपूर्णांकांची वीस उदाहरणे सोडवूनही ही दुसरी गोष्ट सहसा हाती लागत नाही.

पावसाचेही तसेच आहे. ज्या तालुक्यात कणकुंबीला मलप्रभेचा उगम होतो आणि जेथे आषाढात दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, तेथील मुलांनी पाऊस पुस्तकातून शिकावा हे मला पटत नाही. सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवून रोज एका ठरलेल्या वेळी पट्टीने पाणी मोजले, की मिलिमीटर म्हणजे काय हे समजते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. मग शाळेचे छप्पर दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असेल, तर दहा मिलिमीटर पावसात त्यावर सहाशे लिटर पाणी पडते, हा हिशेब चौथीतील मूल थोड्या मदतीने करू शकते आणि घरी येऊन आपल्यालाही तो समजावून सांगू शकते.

ही काही एखाद्या शिक्षिकेची हौस नाही. कर्नाटकात मैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ मध्ये ‘नली-कली’, म्हणजे आनंदाने शिकणे, ही पद्धत सुरू झाली. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली या शिक्षणसंस्थेच्या ग्रामीण शाळांतील कामावरून ती सुचली होती आणि पुढे राज्यभरातील सरकारी शाळांच्या खालच्या वर्गांत ती पोहोचली.

मात्र एक गोष्ट मी स्पष्टपणे सांगतो. पाढे पाठ हवेतच. सोळाचा पाढा येत नसलेल्या मुलाला मापट्याचा हिशेबही अडतो, आणि शाळा उपक्रमांच्या नावाखाली पाठांतर पूर्णपणे सोडून देत असेल, तर आपण गुरुजींना तसे विचारले पाहिजे. तसेच कुंभाराकडे जाऊन केवळ छायाचित्रे काढून परतणे किंवा दुकानातून तयार प्रतिकृती विकत आणून मांडणे म्हणजे कृतियुक्त शिक्षण नव्हे. मुलीच्या वहीत तिच्या अक्षरात नोंद आहे का, मोजमाप आहे का, चुकलेले खोडून पुन्हा केलेले आहे का, हे पाहावे. ते असेल तर शाळा बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : मी निपाणी परिसरातील एका शाळेत शिक्षिका आहे. येथील बहुतेक माता विड्या वळतात आणि वडील शेतमजुरीला जातात. काही घरांत कन्नड बोलली जाते. सभेला बोलावले तर चार-पाच जण येतात आणि खाली मान घालून बसतात. गावाला शाळेत कसे आणावे?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, सभेला बोलावले की माणसे ऐकायला येतात, कामाला बोलावले की शिकवायला येतात. ‘मुलांना मार्गदर्शन करा’ असा निरोप गेला तर मजुरी करणारी आई घाबरते, पण ‘भाकरी थापताना पीठ किती आणि पाणी किती, ते पाचवीच्या मुलींना आणि मुलग्यांना दाखवा’ असा निरोप गेला तर ती हात धुऊन पुढे येते. एका वेळी एकच व्यक्ती बोलवावी, तासाभरापेक्षा जास्त वेळ घेऊ नये आणि दिवस तिच्या सोयीचा निवडावा. ज्या गावांत सोमवारी बैलांना औत धरत नाहीत, तेथे शेतकरी त्या दिवशी मोकळा सापडतो. बाजाराचा दिवस मात्र टाळावा.

विड्यांविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे. तंबाखू आणि तेंदूपान वर्गात आणू नये. तंबाखूची धूळ मुलांच्या छातीला वाईट आहे आणि चौदा वर्षांखालील मुलांकडून हे काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे. पण त्या मातांजवळ असलेला हिशेब वर्गात जरूर आणावा. मजुरी हजार विड्यांमागे ठरते. पंचवीसची एक जुडी धरली तर हजारासाठी चाळीस जुड्या होतात. खराब म्हणून काही विड्या बाजूला काढल्या तर मजुरी किती कापली जाईल, आठवड्याचे किती होतील, हे सारे त्या बाया तोंडी करतात. ज्या आईने आयुष्यभर स्वतःला अडाणी म्हणवून घेतले, तिने फळ्यासमोर उभे राहून हा हिशेब कागद-पेन्सिल न घेता सांगितला, तर तिच्या मुलाच्या चेहऱ्यावर काय उमटते ते आपण पाहालच.

कन्नड बोलणारी घरे ही अडचण समजू नये. आपण शिवारातल्या पिकालाही भात म्हणतो आणि ताटातल्या अन्नालाही भातच म्हणतो. कन्नडमध्ये शेतातले भत्त, कांडल्यावर अक्की आणि शिजल्यावर अन्न. हा फरक एखाद्या कन्नड आजीने सुपात धान्य घेऊन समजावला, तर आपल्या मुलांना तीन शब्द कायमचे येतात आणि आपल्या भाषेकडेही नव्याने पाहता येते. आपल्या मुलांना कन्नड शिकायचीच आहे. ती परीक्षेच्या धाकाने शिकण्यापेक्षा शेजारच्या अज्जीकडून शिकलेली बरी. मातीचे बैल करण्याची रीत तर दोन्ही भाषांच्या घरांत आहे. त्या दिवसांत एक दुपार सर्वांना एकत्र बसवावे.

वर्गणीचा विषय पहिल्या वर्षी काढूच नये.

प्रश्न : मी आमच्या शाळेच्या एसडीएमसीचा, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीचा, सदस्य आहे. शाळेमागे सुमारे एक गुंठा जागा पडीक आहे. तेथे परसबाग करावी असे ठरते आहे, पण पाणी कमी आहे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सारे वाळून जाईल अशी भीती वाटते.
— एक सदस्य, बेळगाव तालुका

उत्तर : प्रथम जागा मुलांकडूनच मोजून घ्यावी. तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट, हा गुंठा दोरीने आखताना काटकोन चुकतोच. तेव्हा दोरीला तीन, चार आणि पाच हात अंतरावर गाठी मारून त्रिकोण करण्याची गवंड्याची रीत गावातील एखाद्या गवंड्याने दाखवावी.

बिसीऊटाच्या, म्हणजे शाळेतील दुपारच्या जेवणाच्या, वेळी हात आणि ताटे धुतलेले पाणी चर काढून वाफ्यांकडे वळवले, तर निराळ्या पाण्याची गरज बरीच कमी होते. जूनमध्ये भेंडी, गवार आणि दोडका लावावा, दसऱ्याच्या सुट्टीनंतर मेथी, मुळा आणि कोथिंबीर घ्यावी आणि मार्चअखेर सर्व वाफे मोकळे करून पालापाचोळ्याने झाकून ठेवावेत. सुट्टीत जगवायची रोपे शक्यतो लावू नयेत; मात्र शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू कडेला लावले, तर पहिला उन्हाळा तेवढा सांभाळावा लागेल. त्यासाठी शाळेजवळ राहणाऱ्या दोन-तीन घरांत वार वाटून घ्यावेत आणि ती नावे एसडीएमसीच्या बैठकीत नोंदवावीत. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असावयाच्या असतात. वाफ्यांत काय लावायचे हे ठरवताना त्या महिलांना आधी विचारावे, कारण परसातील भाजीची जाण गावात त्यांनाच अधिक असते. निघालेली भाजी मुलांनी वजन करून, वहीत मांडून मगच स्वयंपाकघरात द्यावी.