खाणवाला तळं देतो म्हणतो, सही करू का?

प्रश्न: संगमेश्वर तालुक्यात आमची पोफळीची बाग आहे. बागेच्या वरच्या अंगाला, पऱ्याकाठच्या (ओढ्याकाठच्या) मळ्यात, चुलतभावाने जमीन गोटे आणि रेव काढायला दिली आहे. खड्ड्याला पाणी लागल्यापासून पंप रात्रंदिवस चालू आहेत. एरवी एप्रिलपर्यंत वाहणारा पऱ्या यंदा जानेवारीअखेर आटला, वाडीतल्या विहिरींचं पाणी खाली गेलं. खाणवाला म्हणतो, काम संपलं की खड्ड्याचं तळं होईल, तुमचं पाणी तुम्हाला परत. फक्त ना-हरकतीवर सही द्या. माझा भाचा अमेरिकेत कोलोरॅडोला असतो. तिकडे खाणवाल्याला नदीचं पाणी भरून द्यावं लागतं म्हणे. आपल्याकडे असा कायदा आहे का?

उत्तर: आधी सहीचं सांगतो. करू नका. एकदा ना-हरकत दिलीत की पुढे प्रत्येक तारखेला समोरचा वकील तोच कागद काढून दाखवील.

भाचा सांगतो ते खरं आहे. कोलोरॅडोत नदीच्या पाण्यावर ज्याचा हक्क जुना, त्याला पाणी आधी. नदीकाठी रेव काढताना भूजल उघडं पडलं, तर त्या खड्ड्याला तिथे विहीर धरतात. 1988 साली तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवलं आणि 1989 साली विधिमंडळाने त्याबद्दल कायदा केला. उघड्या पाण्याची जेवढी वाफ होते तेवढं पाणी खाणवाल्याने दुसरीकडून मिळवून नदीला द्यायचं, आणि त्याची योजना आधी मंजूर करून घ्यायची. 31 डिसेंबर 1980 पूर्वी उघडे पडलेले खड्डे तेवढे यातून सुटले.

आपल्याकडे असा हिशेब मांडणारा कायदा नाही. पण त्यामागचा विचार तुमच्या कामाचा आहे. पऱ्याकाठच्या खड्ड्यात दिसणारं पाणी नवं नसतं, ते तुमच्या विहिरीचंच पाणी उघड्यावर आलेलं असतं. एक एकराचं तळं धरा आणि उन्हाळ्यात दिवसाला 5 मिलिमीटर बाष्पीभवन धरा. रोज सुमारे 20 हजार लिटर पाणी हवेत जातं. म्हणजे दहा हजारी टँकर दोन. तेव्हा ‘तळं देतो’ यात तो तुम्हाला काहीही देत नाही.

अर्थात आज तुमचं खरं नुकसान वाफेने नव्हे, पंपाने होतंय. तो काय म्हणेल तेही ऐकून ठेवा: ‘माझ्या ताब्यातल्या जमिनीखालचं पाणी मी उपसतो.’ 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम 7 त्याला काही अंशी साथ देतं, कारण ठरावीक प्रवाहाने न वाहणारं जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं धरलेलं आहे. पण त्याच कलमात पुढे हेही आहे, की नैसर्गिक ओढ्याचं पाणी खालच्या मालकाच्या हद्दीत विनाअडथळा आणि प्रमाणात मोठा फरक न पडता आलं पाहिजे. म्हणून तक्रारीत ‘विहीर आटली’ इथून सुरुवात करू नका. ‘पऱ्या आटला’ हे आधी लिहा, विहीर त्यानंतर.

आता कागद. तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी, दोघांकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. उत्तराची मुदत 30 दिवस. परवाना, मंजूर क्षेत्राचा नकाशा, मंजूर खोली, पर्यावरण मंजुरी आणि जमीनमालकांची संमतीपत्रं मागा. दीपक कुमार प्रकरणात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरखालच्या गौण खनिजाच्या (म्हणजे रेव, वाळू, दगड अशांच्या) खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं, त्यामुळे ‘आमची खाण लहान आहे’ हे उत्तर चालायचं नाही. मंजुरी असेलच तर तिच्यातल्या अटी वाचा. भूजलपातळीखाली खोदण्याबद्दल काय म्हटलंय ते बघा. संमतीपत्रं तर नीट बघाच. आपल्याकडे निम्म्या जमिनी सामाईक. त्या मळ्याच्या सातबाऱ्यावर तुमचं किंवा मुंबईच्या भावंडांचं नाव असेल, तर चुलतभावाने एकट्याने संमती दिली कशी? पुष्कळदा अशी खाण पाण्यापेक्षा या मुद्द्यावर लवकर थांबते.

परवान्याबाहेर उत्खनन निघालं, तर महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, पोकलेन-डंपर जप्त होतात. तक्रार जरूर करा. मात्र दंड सरकारजमा होतो, त्यातून तुमच्या पोफळींना शिंपण मिळत नाही.

पाणी मागायचं तर पुण्याचं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणाचे वाद चालवणारं न्यायालय. इथे दोन गोष्टींत लोक अडकतात. मुदतीत पहिल्यांदा. न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम 14 खाली वाद न्यायचा तर वादाचं कारण प्रथम घडल्यापासून सहा महिने, म्हणजे तुमच्याबाबतीत जुलैअखेर. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी 60 दिवस मिळू शकतात, पण त्या भरवशावर राहू नका. कलम 15 खाली भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करून मागायला पाच वर्षं आहेत. दुसरं, एकट्याच्या विहिरीचं भांडण तिथे सहसा टिकत नाही, समाजाचं नुकसान दिसावं लागतं. वाडीतल्या सगळ्या विहिरींची नावनिशी यादी आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. शिवाय उपसलेलं पाणी जातं कुठे ते बघा. गढूळ पाणी पऱ्यात सोडत असतील, तर 1974 चा जल प्रदूषण कायदा लागतो आणि तो या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येतो. फोटो काढून ठेवा.

मागणी लिहिताना नुसतं ‘खाण बंद करा, भरपाई द्या’ लिहू नका. पातळी सावरेपर्यंत पंप बंद, तोवर वाडीला खाणवाल्याच्या खर्चाने पिण्याचं आणि बागेचं पाणी, आणि काम संपल्यावर खड्डा उघडा न ठेवता भरून देणं, असं एकेक वेगळं मागा. नुकसानभरपाई मागितली नाही तर शुल्क 1,000 रुपये. मागितली तर रकमेच्या एक टक्का, किमान 1,000.

पुराव्याला आजपासून लागा. दोरीला दगड बांधा, विहिरीच्या कठड्यावर एक खूण करा आणि रोज ठरल्या वेळी, मोटर लावण्याआधी, त्याच खुणेपासून पाणी किती फुटांवर आहे ते वहीत लिहा. पुढच्या रकान्यात खाणीचा पंप चालू की बंद. एखाद्या दिवशी डिझेल संपून पंप थांबला आणि तुमची पातळी वर आली, तर ती ओळ दहा प्रतिज्ञापत्रांना भारी पडेल. वहीवर आठवड्याला एका शेजाऱ्याची सही घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या रत्नागिरी कार्यालयातून जवळच्या निरीक्षण विहिरीच्या मागच्या वर्षांच्या नोंदी मागवा, नाहीतर ‘यंदा पाऊसच कमी’ हे ठरलेलं उत्तर येईल. विहीर तुमच्या सातबाऱ्यावर नोंदलेली नसेल, तर तलाठ्याकडे तेही मार्गी लावा.

खाणवाला गावातलाच असेल, शिमग्याला पालखीखाली खांद्याला खांदा लागत असेल, तर पहिली नोटीस वकिलाच्या कागदावर न पाठवता ग्रामपंचायतीमार्फत जाऊ द्या. ऐकलं नाही, तर प्रांतांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 152 खाली सार्वजनिक उपद्रवाचा अर्ज. हे सगळं मेअखेरपर्यंत व्हायला हवं. मृगाचा पाऊस लागला की विहिरी भरतात, आणि पंचनाम्याला येणाऱ्याला दाखवायला काही उरत नाही.