वायदा व्यवहारांसोबत करन्सी: ब्रोकर निवडण्याआधी

प्रश्न: मी चार वर्षांपासून नोंदणीकृत ब्रोकरकडे निर्देशांकाच्या फ्युचर्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या वायदा करारांत, व्यवहार करतो. करन्सीतही, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारांतही, उतरावे म्हणून एका परदेशी प्लॅटफॉर्मच्या एजंटाने दिलेल्या कोणा व्यक्तीच्या खात्यात मी यूपीआयने दोनदा पैसे भरले. कंपनीकडे परदेशी परवाना आहे, असे तो सांगतो. आता पैसे काढायचे म्हटले, तर आधी ‘कर’ भरा, असे उत्तर येते. मी काय करावे आणि कोणता ब्रोकर निवडावा?

उत्तर: यापुढे एक रुपयाही भरू नये. आपलेच पैसे परत देण्यासाठी आधी कर मागणे ही फसवणुकीची ओळखीची पद्धत आहे. आजच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून आपल्या बँकेला लेखी कळवावे. संदेश, व्यवहार क्रमांक आणि खात्याचे तपशील जपून ठेवावेत, एजंटाने विनवले तरी पुसू नयेत.

परदेशी परवान्याचा येथे आपल्याला उपयोग नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, 1999, म्हणजे फेमा, याखाली भारतातील रहिवाशाला परकीय चलनाचे व्यवहार अधिकृत व्यक्तींमार्फत (म्हणजे रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या बँका वगैरेंमार्फत) आणि परवानगी असलेल्या कारणांसाठीच करता येतात. ते ऑनलाइन करायचे असल्यास रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेला प्लॅटफॉर्म किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजार, एवढेच मार्ग आहेत. रहिवाशांना ठरावीक मर्यादेपर्यंत परदेशात पैसे पाठवू देणाऱ्या उदारीकृत प्रेषण योजनेतूनही परदेशात मार्जिन, म्हणजे अशा व्यवहारांसाठीची अनामत, भरण्यासाठी पैसे पाठवता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 पासून अनधिकृत परकीय चलन प्लॅटफॉर्मची सावधगिरीची यादी प्रसिद्ध केली आहे. मात्र यादीत नाव नाही म्हणून ती कंपनी अधिकृत ठरत नाही, हे रिझर्व्ह बँकेनेच सांगितले आहे. उल्लंघनाची जबाबदारी ग्राहकावरही येते: फेमाच्या कलम 13 नुसार रक्कम मोजता येत असेल तर तिच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. कलम 15 मध्ये तडजोडीची, म्हणजे उल्लंघन मान्य करून ठरलेली रक्कम भरून प्रकरण मिटवण्याची, तरतूद आहे. तिचा विचार कागदपत्रे वकिलाला दाखवून करावा.

आता ब्रोकरविषयी. येथे आपला मूळ समज तपासावा लागेल, कारण निर्देशांकाच्या फ्युचर्समध्ये केवळ नफ्याच्या अपेक्षेने उतरता येते, तसे रुपयाशी जोडलेल्या करन्सी फ्युचर्समध्ये उतरता येत नाही. आयातीचे देणे किंवा निर्यातीचे येणे यांसारखी परकीय चलनातील खरी जोखीम असेल, तिच्या संरक्षणासाठीच हे करार आहेत, ही अट रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2024 च्या निर्देशांत स्पष्ट केली आणि ते 3 मे 2024 पासून लागू झाले. दहा कोटी डॉलरपर्यंतच्या व्यवहारांसाठी जोखमीचे कागद दाखवावे लागत नाहीत, परंतु ती जोखीम असावीच लागते. या दोन गोष्टींची गल्लत करून जोखीम असल्याच्या घोषणेवर ‘फक्त एक खूण करा’ असे सांगणारे लोक भेटतील. खोट्या घोषणेखाली सही मात्र आपली असेल.

आपल्या पत्रात अशी कोणतीही जोखीम दिसत नाही. ती नसेल, तर रुपयाशी जोडलेल्या करारांसाठी आपण कोणत्याही ब्रोकरकडे खाते उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती असेल, तर नवा ब्रोकर शोधण्याआधी सध्याच्याच ब्रोकरकडे करन्सी सेगमेंटचे (शेअर बाजाराच्या चलन-व्यवहार विभागाचे) सदस्यत्व आहे का, हे सेबीच्या आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून पाहावे, आणि पैसे नेहमी स्वतःच्या बँक खात्यातून ब्रोकरच्या घोषित ग्राहक-खात्यातच भरावेत.