शुक्रवार आला की पोटात गोळा येतो, घरात भांडणं सुट्टीलाच होतात. हे फक्त माझ्याच बाबतीत होतं का? काय करावं?

फक्त तुमच्या बाबतीत? मी बँकेत आहे. सप्टेंबर 2015 पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी मिळाली, तेव्हा शाखेत पेढे वाटले. मीही खाल्ला. पण युनियनवाले पाच दिवसांच्या आठवड्याच्या घोषणा देतात तेव्हा माझा आवाज जरा बारीकच निघतो.

आम्ही सोलापूरचे. नणंद जुळे सोलापुरात, म्हणजे रिक्षाने इथल्या इथे. दर रविवारी सकाळी सहकुटुंब हजर. नवऱ्याचा कायमचा आरोप आहे की मला माणसंच नको आहेत. मला माणसं हवी आहेत हो. पोळ्या लाटायला आणखी दोन हातही हवे आहेत, एवढंच. सासरे लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. नारायण मेघाजी लोखंडे भांडले म्हणून 1890 मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, हे ते जेवताना अभिमानाने सांगतात. मी तेव्हा त्यांच्या ताटात गरम पोळी वाढत असते.

तर 31 मार्च 2024. रविवार. सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकांनी त्या दिवशी शाखा उघड्या ठेवाव्यात, असं रिझर्व्ह बँकेचं फर्मान निघालं. साहेबांनी कोण येणार विचारलं. बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते, तेवढ्यात मी नाव देऊन मोकळी. आदल्या दिवशी रंगपंचमी झालेली, भाच्या रंग खेळून आमच्याकडेच मुक्कामाला. त्यात पाण्याची पाळीही रविवारीच. चार-पाच दिवसांनी नळ येतो तेव्हा घरात काय धावपळ होते, हे सोलापूरकरांना सांगायला नको.

मी इस्त्रीची साडी नेसून निघाले. नवरा म्हणाला, "आज रविवार हाय की!" म्हटलं, "रिझर्व्ह बँकेला सांगा."

बँकेत चलनं होती, वर्षअखेरीची कामं होती, पण दुपारी शेंगाचटणी आणि कडक भाकरी बसून खाल्ली. मधेच उठून कुणाला पाणी द्यावं लागलं नाही. संध्याकाळी घरी आले तर हौद अर्धाच भरलेला, रंगाच्या बादल्या तशाच, ओट्यावर हॉटेलचे डबे आणि नणंद फुगलेली. वहिनी मुद्दाम गेली म्हणे.

त्यानंतर पाणी भरणं नवऱ्याकडे गेलं. रविवारच्या पोळ्या विकत येतात. सासूबाई नाक मुरडतात, पण खातात.

तुमचं म्हणाल, तर धास्ती नक्की कशाची आहे ते आधी बघा. येणाऱ्या माणसांची, कामाची, की दिवसभर जोडीदारासमोर बसायची? पहिल्या दोन गोष्टींवर मार्ग निघतो. तिसऱ्यावर मी काय सांगणार, आमच्याकडे दोघांना समोरासमोर बसायला वेळच मिळाला नाही. मोकळेपणाने बोला असं सगळे सांगतात. बोला, पण रविवारी नको. पाहुणे, भूक, उकाडा, त्यात तुमचं मन मोकळं करणं. बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर बोला. आणि सुट्टीतले चार तास घराबाहेर काढा, कारण न सांगता. कारण दिलं की त्यावर चर्चा होते.

हे सगळं कुरबुरींच्या घरांसाठी. कुणी हात उगारत असेल तर बुधवारची वाट बघू नका. बाईमाणसासाठी 181 हेल्पलाइन आहे. झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

नवरा अजून म्हणतो, तू त्या दिवशी मुद्दाम गेलीस. हो, मुद्दाम. 31 मार्च परत रविवारी येतोय 2030 मध्ये. शाखा उघडी असली तर तेव्हाही पहिलं नाव माझंच.